क्वार्टर होते, घर नाही

माजिवड्याच्या आमच्या विहारात रविवारची वंदना झाली की मागच्या बाजूला एक टेबल मांडले जाते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डात राहून गेलेले नाव, शिष्यवृत्तीचा अर्ज, विधवा बाईचे निवृत्तिवेतन, अशी कामे आम्ही सहा-सात जण तिथे बसून करतो. आमच्यातला कोणी कॉलेजात आहे, कोणी रिक्षा चालवतो, कोणी कंपनीत पॅकिंगला जातो. पैसे घ्यायचे नाहीत आणि कोणाला परत पाठवायचे नाही, एवढे दोनच नियम आम्ही केलेले आहेत.

गेल्या पावसाळ्यात या टेबलावर एक लोखंडी ट्रंक येऊन आदळली. काळा रंग, झाकणावर पांढऱ्या अक्षरांत नंबर, हुद्दा आणि नाव. ट्रंक आणणारे गृहस्थ आमच्याच बैठ्या चाळीतले. सगळी वस्ती त्यांना हवालदार काका म्हणते. मूळचे मंडणगड तालुक्यातले. 1974 मध्ये महार रेजिमेंटमध्ये भरती झाले, चोवीस वर्षे नोकरी केली आणि 1998 मध्ये हवालदार म्हणून निवृत्त झाले. पेन्शनवर भागेना म्हणून पुन्हा डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये गेले आणि 2012 मध्ये कायमचे घरी आले. आता घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या सोसायटीच्या गेटवर रात्रपाळी करतात.

काकांनी एक झेरॉक्स पुढे सरकवली. चाळीच्या पुनर्वसनासाठी केलेल्या यादीची होती. त्यांच्या खोलीपुढे शेरा होता : अपात्र.

"पोरांनो, चोवीस वर्षांत मेडिकल बोर्डानं मला एकदाही अनफिट म्हटलं नाही," काका म्हणाले. "या कागदानं म्हटलं. का म्हटलं, ते तेवढं शोधून द्या."

आम्ही शोधले. जे सापडले ते एकट्या काकांचे नाही, म्हणून हा लेख.

झोपडपट्टीच्या पुनर्वसनाचा महाराष्ट्रातला हिशेब तारखांवर चालतो. 1 जानेवारी 2000 पर्यंतच्या झोपडीला मोफत घर, त्यानंतर 1 जानेवारी 2011 पर्यंतच्या झोपडीला पैसे भरून घर. त्या तारखेला तुम्ही तिथे राहत होता हे सिद्ध करायला सगळ्यात भरवशाचा कागद कोणता? मतदार यादी. आता सैनिकाचे मत कुठे असते? सेवा मतदार म्हणून त्याचे नाव मूळ गावच्या यादीत, अगदी शेवटच्या भागात घातले जाते. पत्नी सोबत क्वार्टरला राहत असेल तर तिचेही नाव तिथेच जाते. काकू काही वर्षे क्वार्टरला होत्या, तेव्हा त्यांचे नाव मंडणगडच्या यादीत गेले. पुढे मुलांच्या शाळेसाठी त्या माजिवड्याला येऊन राहिल्या, पण नाव हलवायचे कोणाला सुचले नाही. काकांचे नाव ठाण्याच्या यादीत आले 2013 मध्ये. म्हणजे 2000 च्या तारखेलाही ते नाहीत आणि 2011 च्या तारखेलाही नाहीत.

खोली 1994 ची आहे. वीस रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर घेतलेली. पण काका तेव्हा सीमेवर, म्हणून स्टॅम्प पेपर भावाच्या नावावर आणि विजेचा मीटरही भावाच्याच नावावर. भावाची स्वतःची खोली शेजारी. यादी करणाऱ्यांनी दोन्ही खोल्या एकाच कुटुंबाच्या धरल्या, एक पात्र केली आणि दुसरी उडवली.

देशाने काकांचे मत गावाला मोजले, म्हणून शहराने त्यांचे घर मोजले नाही. यात कोणी लाच मागितली नाही. कोणी जात विचारली नाही. टेबलापलीकडच्या माणसाने उलट उभे राहून "जय हिंद साहेब" म्हटले, असे काकांनीच सांगितले. तरी निकाल एवढाच की ज्याला देशाने अडतीस वर्षे घरापासून लांब ठेवले, त्याला शहर विचारते, तू घरी का नव्हतास?

मित्रांनो, इथे थोडे मागे जाऊन पाहिले पाहिजे. लष्कर आणि घर यांचा आपल्या समाजाशी संबंध आजचा नाही.

भीमा कोरेगावच्या स्तंभासमोर 1 जानेवारीला आपण उभे राहतो. 1818 च्या त्या लढाईत पडलेल्यांमध्ये 'नाक' प्रत्ययाची 22 नावे आहेत, हे आपल्या पोरासोराला पाठ आहे. बाबासाहेब 1927 मध्ये तिथे गेले, तेव्हापासून तो स्तंभ आपला झाला. पण लष्करी नोकरीने आपल्या माणसाला शौर्याच्या नोंदीशिवाय आणखी एक गोष्ट दिली होती, तिच्याविषयी आपण फार कमी बोलतो. ती म्हणजे राहायची जागा. गावात महाराचे घर कुठे असावे हे जात ठरवत होती : गावकुसाबाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. छावणीत ते पलटण ठरवू लागली. तिथे बराकीला नंबर होता, शिपायाला नंबर होता, मुलांना शाळा होती. बाबासाहेबांचा जन्म 1891 मध्ये महूच्या छावणीत झाला, महारवाड्यात नव्हे. वडील सुभेदार रामजी सकपाळ तिथल्या लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते.

त्यानंतर दोन गोष्टी घडल्या. 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी 'लढाऊ जमाती'चा सिद्धांत पुढे करून महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकर आणि पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध अर्जविनंत्या केल्या. हे अर्ज नोकरीसाठी होते असे आपण वाचतो. आम्हाला वाटते, ते पत्त्यासाठीही होते. भरती बंद म्हणजे पगार बंद, पेन्शन बंद आणि गावकुसाबाहेरच्या जागेला असलेला एकमेव पर्यायही बंद.

दुसरी गोष्ट रामजीबाबांच्या घरात घडली. 1894 च्या सुमारास ते निवृत्त झाले. पेन्शन होती, सुभेदारकी होती, शिक्षण होते. दापोलीच्या कॅम्पात आले, पुढे साताऱ्याला गेले. साताऱ्यात सुभेदाराच्या मुलाचे केस कापायला न्हावी मिळेना, बहिणी घरीच केस कापत. मुंबईत आले तेव्हा परळची चाळ. आणि हाच मुलगा अमेरिका-इंग्लंडात शिकून 1917 मध्ये बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झाला तेव्हा काय झाले, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. एक हिंदू आणि एक ख्रिश्चन, दोन्ही मित्रांनी घरात घ्यायचे टाळले. कामाठी बागेत काही तास बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले.

ज्या माणसाला महाराजांनी लष्करी सचिव नेमले होते, त्याला त्या शहरात एक खोली मिळाली नाही. संस्थानाकडे पद होते, पगार होता, फक्त जागा देण्याची जबाबदारी कोणाची नव्हती. ती बाजारावर, शेजाऱ्यांवर, 'ओळखीवर' सोडलेली होती. आणि जे काही बाजारावर आणि ओळखीवर सोडले जाते, ते जातीवर सोडले जाते. एवढे एक वाक्य लक्षात ठेवून आजच्या सरकारी मदतीकडे पाहू.

वर्दीत आहे तोवर सैनिकाला क्वार्टर मिळते. पुरेशी मिळत नव्हती म्हणून केंद्राने 2002 मध्ये सुमारे दोन लाख विवाहित निवासस्थाने बांधण्याचा कार्यक्रम हाती घेतला. क्वार्टर यादीप्रमाणे मिळते, नंबर लागला की किल्ली. हुद्द्याप्रमाणे आकार लहान-मोठा असतो, तो भेद आहेच. पण आडनाव ऐकून, मटण शिजवता का विचारून कोणी किल्ली परत घेत नाही. काकू आजही त्या क्वार्टरची आठवण काढतात. "शेजारी पंजाबीण होती, पलीकडं मद्रासी बाई. साखर मागायला कुणाच्याही दारात जायचं," असे म्हणतात.

निवृत्तीच्या दिवशी किल्ली परत द्यावी लागते. त्या दिवसापासून सैनिक माजी होतो आणि जात मात्र आजी होते. 1998 मध्ये घरी आल्यावर काकांनी मुलांना अभ्यासाला जागा हवी म्हणून जवळच्या इमारतीत भाड्याने फ्लॅट पाहिला होता. पेन्शनचे कागद पाहून मालक खूश झाला. मग आडनाव विचारले. मग म्हणाला, सोसायटीला विचारून सांगतो. ते सांगणे अजून यायचे आहे.

मग माजी सैनिकाला घरासाठी सरकार काहीच देत नाही का? देते. आम्ही टेबलावर बसून एकेक योजना काढली आणि काकांना लावून पाहिली.

पहिली, म्हाडाची सोडत. त्यात माजी सैनिकांसाठी 5 टक्के घरे राखीव आहेत. लढाईत मारल्या गेलेल्या किंवा अपंगत्व आलेल्या जवानांच्या कुटुंबांसाठी 2 टक्के. वर्षानुवर्षे आमदार-खासदारांसाठीही 2 टक्केच ठेवलेले आहेत. शहीदाची विधवा आणि आमदार यांची गरज एकाच मापाने मोजणारा तराजू कोणी बनवला, हे विचारायला हवे. पण मुख्य अडचण पुढे आहे. सोडत लागली तरी घर विकत घ्यायचे असते. काका निवृत्त झाले तेव्हा मुले शाळेत होती, पेन्शन अर्ध्या पगाराएवढी. आज मुले मार्गी लागली, तर एवढ्या वयात वीस वर्षांचे कर्ज कोणती बँक देणार?

दुसरी, आर्मी वेल्फेअर हाउसिंग ऑर्गनायझेशन. 1978 मध्ये स्थापन झालेली संस्था, ना नफा ना तोटा तत्त्वावर सैनिकांसाठी वसाहती बांधते. वायुदल आणि नौदलाचे वेगळे मंडळ आहे, पवई आणि खारघरचे जलवायू विहार आपण जाता-येता पाहतो. चांगले काम आहे. पण तेही स्वखर्चाचे आहे : हप्ते तुम्ही भरायचे, तेव्हा इमारत उभी राहते. सैन्याच्या विमा निधीतून घरासाठी कर्ज मिळते, पण तेही पगारातून फेडायचे. ज्याचा पगार दर महिन्याला मनीऑर्डरने गावच्या आणि शहराच्या अशा दोन चुलींना जातो, तो हप्ता कशातून काढणार?

तिसरी, केंद्रीय सैनिक बोर्डाची. युद्धात मारल्या गेलेल्या किंवा अपंग झालेल्या सैनिकाच्या कुटुंबाने घरासाठी कर्ज घेतले तर निम्मे व्याज बोर्ड देते. किती कर्जावर? 1 लाख रुपयांपर्यंतच्या. माजिवड्यात 1 लाखात काय येते, हे माजिवड्यातल्या कोणालाही विचारा. कदाचित मोरीची लादी येईल.

चौथी, गावची घरकुले. इंदिरा आवास योजना 1995-96 पासून युद्धात मेलेल्या सैनिकांच्या विधवांना आणि माजी सैनिकांनाही खुली झाली होती. आपल्यासाठी राज्याची रमाई आवास योजना आहे. पण दोन्हींचे पैसे बांधायला मिळतात. जागा तुमची हवी. गावात काकांच्या वाट्याला आलेली जागा तीन भावांत एका खोलीएवढी आहे, शहरातली जमीन सरकारी आहे. वतनाच्या जमिनी कशा गेल्या आणि आपला समाज भूमिहीन का राहिला, हा इतिहास या लेखाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. ज्याच्याकडे जमीन नाही त्याला भिंतीचे अनुदान देणे म्हणजे घोडा नसलेल्याला लगाम देणे.

पाचवी, घरपट्टी माफी. 2020 मध्ये राज्य सरकारने माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना एका घराच्या मालमत्ता करातून सूट दिली. काका हे ऐकून हसले. म्हणाले, "चांगलं आहे की. आता फक्त घर आणा."

पाच योजना तपासल्या आणि चित्र स्पष्ट झाले. प्रत्येक योजनेच्या दारात तीन पहारेकरी उभे आहेत : जमीन, पैसा आणि कागद. या तिन्ही गोष्टी ज्याच्याकडे आहेत त्याला मदत आत घेते. आणि जातीने आपल्याकडून नेमक्या याच तीन गोष्टी काढून घेतल्या. म्हणून योजनेत जात लिहिलेली नसली, तरी वाटप जातीच्या उतरंडीप्रमाणे होते.

या पहारेकऱ्यांना ओलांडून आत जाणारे कोण असतात, हे पाहायला लांब जायला नको. कुलाब्याची आदर्श इमारत आठवा. 31 मजली. सैनिकांच्या, कारगिलच्या वीरांच्या नावाने तिची चर्चा झाली. 2010 मध्ये प्रकरण उघडकीला आले तेव्हा सदस्यांत लष्कर आणि नौदलाचे माजी प्रमुख, सनदी अधिकारी, पुढाऱ्यांचे नातलग निघाले. कारगिलमध्ये लढलेले मोजकेच. तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांना पद सोडावे लागले. सरकारने नेमलेल्या द्विसदस्यीय आयोगाने 2013 मध्ये अहवाल दिला. जमीन राज्य सरकारची होती, ती कारगिलच्या सैनिकांसाठी राखीव नव्हती आणि 25 सदस्य अपात्र होते, असे आयोगाने म्हटले. उच्च न्यायालयाने 2016 मध्ये इमारत पाडण्याचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. इमारत उभी आहे.

इथेही 'अपात्र' हाच शब्द आहे. पण तिथल्या अपात्राला पात्र ठरवायला फाइली मंत्रालयात मजले चढत गेल्या. आमच्या चाळीतल्या पात्राला अपात्र ठरवायला एक रकाना पुरला.

हे फक्त आपल्याकडे घडते असे नाही. अमेरिकेने 1944 मध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या सैनिकांसाठी मोठा कायदा केला. शिक्षण, बेकारी भत्ता आणि सरकारी हमीवर घरकर्ज. कायद्यात काळा-गोरा हा शब्द नव्हता. पण कर्ज द्यायचे स्थानिक बँकांनी आणि घर विकायचे स्थानिक मालकांनी. परिणाम? 1947 मध्ये मिसिसिपी राज्यातल्या 13 शहरांत अशी 3,200 हून अधिक कर्जे दिली गेली, त्यांतली काळ्या माणसांना मिळाली फक्त 2. कायदा वॉशिंग्टनने केला, किल्ली गल्लीतल्या सावकाराच्या हातात ठेवली. पुढे एका पिढीत गोऱ्या सैनिकांची घरे ही त्यांच्या मुलांची मालमत्ता झाली, काळ्या सैनिकांच्या मुलांना भाड्याची खोली वारशाने मिळाली.

इंग्लंडचे उदाहरण याच्या उलट आहे. पहिले महायुद्ध संपल्यावर तिथे 1919 मध्ये कायदा झाला आणि नगरपालिकांनी स्वतः घरे बांधून भाड्याने द्यायला सुरुवात केली. दोन लाखांच्या आसपास घरे उभी राहिली. ठरवले होते त्याहून कमी, तरी परतलेल्या सैनिकाला आधी तुझी जमीन दाखव, असे कोणी म्हटले नाही. आता त्याच साम्राज्याने, त्याच युद्धातल्या आपल्या माणसांचे काय केले ते पाहा. माणसे कमी पडली तेव्हा 1917 मध्ये 111 वी महार पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर 1921 मध्ये मोडून टाकली. तिकडे घर, इकडे बरखास्ती. पुढे बाबासाहेबांच्या प्रयत्नांनी 1941 मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा कुठे तो दरवाजा पुन्हा उघडला.

राज्याला जमत नाही असेही नाही. ठाणे जिल्ह्यातच पुरावा आहे. कल्याणजवळची दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांसाठी मोकळी केली गेली. त्या बराकींतूनच 1949 मध्ये उल्हासनगर झाले. ते योग्यच झाले. सर्वस्व गमावून आलेल्या माणसाकडे आधी जमिनीचा उतारा मागायचा नसतो, आधी छप्पर द्यायचे असते. आमचे म्हणणे एवढेच की ही अक्कल राज्याकडे आहे. ती कोणासाठी वापरायची, हा प्रश्न आहे.

आमचे काही मित्र यावर आक्षेप घेतात. ते म्हणतात, सैनिकाला वेगळे कशाला, घर तर सगळ्यांनाच हवे. माजिवडा नाक्यावर सकाळी उभा राहणारा नाका कामगार, गटारात उतरणारा सफाई कामगार हे काय कमी राबतात? प्रश्न बरोबर आहे. आमचे उत्तर असे : सैनिकाचे उदाहरण आम्ही त्याला वर बसवण्यासाठी देत नाही. ज्याच्याकडे सरकारी नोकरीचा प्रत्येक दिवस सरकारच्याच शिक्क्याने नोंदलेला आहे, त्यालाही जर ही व्यवस्था 'तू इथला नाहीस' म्हणू शकते, तर नाक्यावरच्या माणसाचे काय होत असेल? काकांसाठी उघडलेली फट पुढे सगळ्या वस्तीसाठी रुंद करायची आहे.

आणि आता तर 'माजी सैनिक' हा दर्जाही पातळ होत चालला आहे. जून 2022 मध्ये अग्निपथ योजना आली. आमच्या वस्तीतला एक मुलगा अग्निवीर आहे. चार वर्षांची नोकरी, त्यानंतर चौघांतला जास्तीत जास्त एक कायम होणार. बाकीच्या तिघांना सुमारे 11.71 लाखांचा सेवा निधी, ज्यातला मोठा हिस्सा त्यांच्याच पगारातून कापलेला. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही आणि योजनेच्या अटींप्रमाणे माजी सैनिकाचा दर्जाही नाही. मग उद्या म्हाडाच्या 5 टक्क्यांत तो कसा बसणार? घरपट्टीची माफी त्याला कशी मिळणार? काकांना दर्जा होता, घर मिळाले नाही. या पोराकडे दर्जाही नसेल. फौजेत जाऊन घराची परिस्थिती बदलू, या आशेवर पहाटे रस्त्यावर धावणारी आपली मुले आम्ही रोज पाहतो. त्यांना धावू नका असे आम्ही म्हणत नाही. पण करार वाचून धावा, एवढे नक्की म्हणू.

आता पुन्हा ट्रंकेकडे. अपात्रतेवर हरकत घ्यायची तर 2000 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा हवा होता. आम्ही ट्रंक उलटी केली. डिस्चार्ज बुक निघाले, पदके निघाली, एक लोकरी मफलर निघाला. आणि तळाशी दोरीने बांधलेला एक गठ्ठा. मनीऑर्डरच्या पावत्या. काकांनी 1994 पासून एकही फेकली नव्हती. कोणती जम्मूची, कोणती आसामची, कोणती राजस्थानची. पाठवणाऱ्याचा पत्ता दर दोन-तीन वर्षांनी बदललेला, पण घेणाऱ्याचा पत्ता तोच : काकूंचे नाव, चाळीचे नाव, मु. माजिवडा, ठाणे. सोबत रजेचे दाखले होते. त्यांत रजेच्या काळातला पत्ता म्हणून हीच खोली लिहिलेली, खाली अधिकाऱ्याची सही आणि शिक्का. मुलांच्या शाळेचे 1997 चे दाखले काकूंनी पिशवीतून काढून दिले.

मतदार यादीला जे दिसले नाही ते पोस्टाला दर महिन्याला दिसत होते.

एक गोष्ट मात्र पुरेशी नव्हती. स्टॅम्प पेपर भावाच्या नावावर होता आणि भाऊ वारलेला. त्यांचा मुलगा, म्हणजे काकांचा पुतण्या, आमच्याच टेबलावर बसतो. तो रिक्षा चालवतो. गप्प राहिला असता तर उद्या वाद घालायला त्याच्याकडे कागद होता आणि घरात लग्नाचा धाकटा भाऊ होता. आम्ही त्याला काही म्हटले नाही, म्हणायचा आमचा अधिकारही नव्हता. दोन रविवार तो आला नाही. तिसऱ्या रविवारी प्रतिज्ञापत्र करूनच आला : शेजारची खोली माझ्या चुलत्यांची आहे, पैसे त्यांनी दिले, माझ्या वडिलांनी फक्त सही केली. काकांनी ते वाचले, घडी घालून ट्रंकेत ठेवले आणि पुतण्याला म्हणाले, "चल, चहा पाज." आम्ही विहारात भाषणे पुष्कळ ऐकली आहेत. चळवळ म्हणजे काय, हे त्या दिवशी कळले.

हरकत दाखल केली आहे. दोन सुनावण्या झाल्या, तिसरीची तारीख लागायची आहे. निकाल काय लागेल ते आज लिहिता येत नाही. पण त्या फाइलीतून आम्ही ज्या मागण्या काढल्या, त्या लिहितो.

सैनिकाच्या सेवापुस्तकातला, रजेच्या दाखल्यातला कुटुंबाचा पत्ता हा वास्तव्याचा पुरावा म्हणून पुनर्वसनाच्या सर्व याद्यांत धरला जावा. नोकरीमुळे बाहेर राहिलेली वर्षे वास्तव्यातून वजा होऊ नयेत. म्हाडाच्या 5 आणि 2 टक्क्यांतील घरे कोणत्या हुद्द्याच्या आणि कोणत्या प्रवर्गातील माणसांना मिळाली, याची यादी दरवर्षी प्रसिद्ध व्हावी; शिपाई, नाईक, हवालदार किती आणि अधिकारी किती, हे एकदा समोर येऊ द्या. विकत घेण्याची ऐपत नसलेल्यांसाठी सरकारने भाड्याची घरे बांधावीत आणि त्यांचे वाटप क्वार्टरसारखे नंबराने करावे, सोसायटीच्या मर्जीने नव्हे. आणि चार वर्षे सीमेवर उभ्या राहिलेल्या मुलाला माजी सैनिक म्हणायला सरकारने लाजू नये.

तोवर आपल्या हातात काय आहे? तुमच्या वस्तीत माजी सैनिक असतील. त्यांच्याकडे जा. नावनोंदणी कुठे आहे ते बघा, मीटर कोणाच्या नावावर आहे ते बघा, ओळखपत्रासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सोबत जा. सैनिकांच्या विधवांकडे आधी जा, कारण त्यांचे कागद बहुधा कोणीच पाहिलेले नसतात. नोकरीत असलेल्या भावाला सांगा की पत्नीचे नाव ती राहते तिथल्या यादीत घाल. आणि जुनी पावती कोणाला फेकू देऊ नका.

दर 26 जानेवारीला काका ज्या गेटवर उभे राहतात त्या सोसायटीत त्यांना झेंड्याजवळ बोलावतात. शाल, श्रीफळ, टाळ्या. काका ताठ उभे राहून सलामी देतात. मग शाल घडी करून केबिनमध्ये ठेवतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत लिहायला बसतात. अशा शाली काकूंनी जपून ठेवल्या आहेत, आता नऊ झाल्या. पावसात पत्र्याच्या सांध्यातून पाणी गळते, तिथे खाली त्यांनी पातेले ठेवलेले असते. शाली मात्र ट्रंकेत असतात, भिजू नयेत म्हणून.

जयभीम.